भिंगाखालून : कारागिरांची जुनी छापील चित्रं आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी माझ्याकडच्या जुन्या युरोपियन छापील चित्रांबद्दल लिहिलं होतं, लोहार, बुकबाइंडर, टाचण्या बनवणारे, दुकानं, खाणी वगैरे, आणि शेवटी सहज लिहून गेलो की काही विचारायचं असेल तर विचारा. तर विचारलंत की हो. टपालाने, मेलने, व्हॉट्सअॅपवर तिरके फोटो पाठवून. एकाने काचेवर ट्यूबलाइट चमकणारा फोटो पाठवून 'खरं आहे का' एवढंच विचारलंय, दादा मला त्यात तुमची ट्यूबलाइट खरी दिसतेय, बाकी काही दिसत नाहीये. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चारचौघांच्या कामाला येतील असे प्रश्न घेतलेत.

प्रश्न : नमस्कार काका, जुन्या बाजारात रद्दीवाल्याकडे जाड कागदावरचं काळंपांढरं चित्र मिळालं. वरच्या भागात एक खोली, त्यात चार माणसं काम करतायत, खाली नुसती हत्यारं आणि त्यांना नंबर. वर 'रेलियर' असं काहीतरी आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बेनार'. घासाघीस करून सहाशेला घेतलं. फसलो का? (पुणे)

नाही हो, फसला असेल तर रद्दीवाला, पण त्याला सांगायला जाऊ नका.

'रेलियर' म्हणजे फ्रेंचमधे बुकबाइंडर. तुमचं पान बहुतेक दिदरो आणि दालांबेरच्या फ्रेंच ज्ञानकोशातलं आहे. मजकुराचे १७ खंड आणि नुसत्या चित्रांचे ११, चित्रांचे खंड पॅरिसला १७६२ ते १७७२ ह्या दहा वर्षांत निघाले. दिदरोचे वडील सुऱ्या-चाकू बनवणारे कारागीर, त्यामुळे असेल, पण त्याच्या डोक्यात हे पक्कं होतं की मोजे कसे विणतात, काच कशी फुंकतात, चामडं कसं कमावतात हे पण ज्ञानच आहे आणि ते धर्मशास्त्र-व्याकरणाच्या शेजारी त्याच मानाने बसलं पाहिजे. मग गुसिए नावाच्या ड्रॉइंगवाल्याला त्याने कामाला लावलं आणि त्या माणसाने शेकडो पानं काढली. बेनार हा तांब्यावर कोरणाऱ्यांपैकी. दुसऱ्या कोपऱ्यात पण बघा, चित्र काढणाऱ्याचं नाव बहुतेक तिथे असतं.

आता ती चार माणसं नीट बघा. एकजण दगडावर पानांचा गठ्ठा ठेवून जड हातोड्याने बडवतोय, पानं चपटी बसावीत म्हणून. एक बाई चौकटीपुढे बसून दोऱ्याने फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवतेय, आपल्याकडे ज्याला जुजबंदी म्हणतात तेच. तिसरा कडा कापतोय आणि चौथा प्रेस आवळतोय. माझे वडील छापखान्यात होते आणि आमच्या गल्लीतल्या बाइंडरकडे मी लहानपणी तासन् तास बसायचो, त्याच्याकडे ह्यातलं जवळजवळ सगळं तसंच्या तसं होतं, फक्त बडवायचा दगड नव्हता. आणि एक गोष्ट, दिदरोच्या चित्रांतले कारखाने इतके स्वच्छ असतात की हसू येतं, जमिनीवर एक कपटा नाही, खळीचा डाग नाही, कुणाला घाम नाही. काम कसं चालतं ते दाखवायचं होतं, कारागिराचे हाल दाखवायचे नव्हते, हे लक्षात ठेवून बघायचं.

खरं-खोटं कसं ओळखायचं. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या रेघांत शाई भरतात, वरची पुसून काढतात आणि ओलसर कागद ठेवून रुळाखालून दाबून काढतात, त्या दाबाने पत्र्याच्या कडेचा चौकोनी खोलगट ठसा कागदात उमटतो. डोळे मिटून चित्राच्या बाहेरून आत बोट फिरवा, पायरी लागली पाहिजे. मग कागद खिडकीसमोर उजेडात धरा, जवळजवळ असलेल्या बारीक आडव्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या उभ्या रेघा दिसतील, हाताने कागद उचलायच्या जाळीच्या त्या खुणा. आणि शेवटी भिंग. रेघ सलग काळी आणि हाताला किंचित उठलेली लागली तर उत्तम, रेघेऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली तर विसाव्या शतकातली नक्कल, सहाशे रुपये चौकटीच्या खात्यात टाका. नुसती एक खूण बघून निर्णय घेऊ नका कारण जाळीच्या रेघांचा कागद आजही बनतो आणि दाबाची खोटी पायरी पण काही नकला करणारे उठवतात, तिन्ही जमलं तर जमलं. इटलीत लुका आणि लिव्होर्नोला ह्याच ग्रंथाच्या आवृत्त्या त्याच काळात निघाल्या होत्या, त्यांतलं पान असेल तर तेही जुनंच, फक्त पॅरिसचं नव्हे.

आणि ह्याच मालिकेतलं टाचण्यांच्या कारखान्याचं पान कुठे दिसलं तर सोडू नका. १७७६ मधे अॅडम स्मिथ ह्या अर्थशास्त्रज्ञाने जे लिहिलं की टाचणी करायला सुमारे १८ वेगवेगळी कामं लागतात आणि कामं वाटून घेतली तर १० माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, ते सगळं ह्या पानांवर डोळ्यांनी दिसतं, तार ओढणारा, तोडणारा, टोक घासणारा, डोकं बसवणारा. कॉमर्सच्या पोरांना दाखवण्यासारखं.

जाता जाता, तांब्यावर कोरून छापणं आपल्याला अगदी परकं नव्हतं. नाना फडणवीसांनी एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर नागरी अक्षरं कोरून घ्यायला सुरुवात केली होती, नाना गेले, आणि मग मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मधे त्या पद्धतीने भगवद्गीता छापली गेली.

प्रश्न : काका, मी लीड्सला असतो, इकडे रविवारच्या जुन्या बाजारातून दोन चित्रं घेतली. एकात पांढऱ्या कपड्यांतला कोळसा खाणीचा कामगार आणि मागे विचित्र इंजिन. दुसरं सूतगिरणीचं, रंगीत, इलस्ट्रेटेड लंडन न्यूजचं. दोन्ही ओरिजिनल म्हणून घेतली. (लीड्स)

पहिल्याचा मला हेवा वाटला म्हणून आधी ते. हे जॉर्ज वॉकर नावाच्या माणसाने यॉर्कशायरच्या लोकांच्या पोशाखांवर पुस्तक काढलं १८१४ ला, त्यातलं. पुस्तक नावाला पोशाखांचं पण आत सगळी कामकरी मंडळी, कापडवाले, विणकामवाल्या बायका, खाणकामगार. तुमच्या कामगाराच्या पांढऱ्या कपड्यांना लाल काठ आहे ना, ते वॉकरने मजकुरात पण लिहिलंय. आणि मागचं ते विचित्र इंजिन म्हणजे ब्लेंकिन्सॉपचं, १८१२ पासून मिडलटनच्या खाणीतून लीड्समधे कोळसा ओढायचं, बाजूला दातेरी चाक आणि रुळाला पण दाते, कारण गुळगुळीत रुळावर चाक घसरेल अशी तेव्हा भीती. रुळावरच्या वाफेच्या इंजिनाचं पुस्तकात छापलेलं हे पहिलं रंगीत चित्र मानतात. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, म्हणजे आपली गाडी सुटायच्या ४१ वर्षं आधी ते इंजिन तुमच्या आत्ताच्या गावात धूर काढत होतं, दातेरी का असेना.

पण थांबा, हे पुस्तक १८८५ मधे लीड्समधेच पुन्हा निघालं आणि बाजारात फिरतात ती जास्त करून त्यातली पानं. १८१४ ची चित्रं अॅक्वाटिंट पद्धतीची, म्हणजे तांब्याच्याच पत्र्यावर पण रेघांऐवजी आम्लाने छटा उमटवलेली, वर हाताने रंग भरलेले. भिंगातून आकाशाचा भाग बघा, अॅक्वाटिंटमधे छोट्या छोट्या पांढऱ्या बेटांभोवती शाईची वेडीवाकडी जाळी दिसते, वाळलेल्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडतात तशी. रंग हाताचा असेल तर कुठेतरी रेघेबाहेर गेलेला असतोच, माणसं दिवसभर रंगवायची, हात थकायचा. १८८५ चं लिथो, म्हणजे शिळाछाप, तिथे रंगसुद्धा छापलेला आणि पत्र्याची पायरी नाही. मला फोटोवरून शिळाछाप वाटतंय. वाईट वाटून घेऊ नका, ते पण सव्वाशे वर्षांच्या वरचं आहे, फक्त किंमत वेगळी.

दुसरं सोपं आहे. इलस्ट्रेटेड लंडन न्यूज १८४२ ला सुरू झालं, चित्रं लाकडावर कोरलेली, आणि दर आठवड्याचे नेहमीचे अंक काळेपांढरे. तुमचं चित्र खरं, रंग मात्र नंतर कुणीतरी विकायला सोपं जावं म्हणून भरलेला. पाठीमागे मजकूर छापलेला असेल तर अंकातलं अस्सल पान. आणि आता एक गंमत करा, भिंग घेऊन चित्रावरून सरळ उभं आणि आडवं जा, कुठेतरी केसासारखी पांढरी रेघ सगळं चित्र कापत गेलेली सापडेल. हे कोरीवकाम बॉक्सवुडच्या आडव्या कापावर करायचे, ते झाड बारीक खोडाचं, मोठा ठोकळा मिळतच नाही, म्हणून छोटे ठोकळे बोल्टने आवळून एक करायचे आणि घाई असली की सुटे करून एकेक ठोकळा एकेका कोरणाऱ्याला वाटायचे, मग रात्री पुन्हा जोडायचे. ती पांढरी रेघ म्हणजे दोन ठोकळ्यांमधली फट. गिरणीचं चित्र आणि ते चित्र पण गिरणीसारखंच पाळी वाटून केलेलं. मला स्वतःला सूतगिरणीपेक्षा ती रेघ जास्त आवडते.

प्रश्न : घरी भिंग नाही, मोबाइलने चालेल का? (बदलापूर)

मोबाइलच्या कॅमेऱ्याने ठिपक्यांची जाळी कळते, शाईचा उठाव कळत नाही. स्टेशनरीच्या दुकानात मुलांसाठीचं भिंग मिळतं त्याने सुरुवात करा, पुढे दहापटीचं घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, दोन-चारशेत येतं. आणि नोटेवर सराव करा. शंभराच्या किंवा त्यावरच्या नोटेवरचा गांधीजींचा चेहरा कोरीव छपाईचाच असतो, नव्या कोऱ्या नोटेवर बोट फिरवलं की उठाव लागतो, हाताला एकदा ते समजलं की जुन्या चित्रावर पण समजतं.

प्रश्न : सासूबाईंच्या ट्रंकेत चौकटीतलं चित्र सापडलं, टोपलीतली फुलं विकणारी बाई आणि दोन मुलं, खाली इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत लिहिलंय. मुलगी म्हणते हे तर यार्डलीच्या पावडरीवरचं चित्र! (कोथरूड)

मुलीची नजर चांगली आहे. चित्र फ्रान्सिस व्हीटली ह्या लंडनच्या चित्रकाराचं, 'लंडनच्या आरोळ्या' म्हणता येईल अशी ती मालिका, फेरीवाले जे ओरडत फिरायचे त्यांची. १७९० च्या दशकात त्याने ही चित्रं रॉयल अकॅडमीत मांडली आणि त्यांतली १३ कोरून छापली गेली १७९३ ते १७९७ मधे, मथळे दोन भाषांत कारण फ्रान्समधे पण खपवायची होती. तुमचं आहे ते पहिलंच, प्रिमरोझची फुलं विकणाऱ्यांचं, 'पेनीला दोन जुड्या'. यार्डलीने पुढे हेच चित्र आपल्या खुणेसाठी घेतलं आणि टोपलीतली फुलं बदलून लॅव्हेंडर केली. धंदा आहे.

आता वाईट बातमी. ह्या मालिकेच्या नकला एवढ्या निघाल्यात, बिस्किटांच्या डब्यांवर, कॅलेंडरांवर, सिगरेटच्या पाकिटातल्या कार्डांवर, की ट्रंकेतून मिळालेलं १७९३ चं असायची आशा ठेवू नये. मूळ चित्रं रेघांनी नाही तर बारीक ठिपक्यांनी कोरलेली आहेत, त्यामुळे भिंगाखाली ठिपके दिसले की लगेच नक्कल म्हणून सोडून पण देऊ नका, इथेच लोक गडबडतात. कोरलेले ठिपके लहानमोठे असतात आणि गालाच्या गोलाईबरोबर वळत जातात, छपाईच्या ब्लॉकचे ठिपके मिलिटरीसारखे सरळ रांगेत.

मला ही मालिका फारशी आवडत नाही हे पण सांगून टाकतो. सगळ्या बायका गोऱ्यापान, मुलं गुबगुबीत, कपडे फाटले तरी इस्त्रीचे. लंडनच्या पावसात दिवसभर ओरडून घसा बसलेली बाई ह्यात कुठेच नाही. आपल्याकडे दुपारी 'कल्हईऽऽ' म्हणून यायचा त्याचा आवाज आठवा, भाता, नवसागराचा धूर, पोरांचा घोळका, ते कुणी असं गुलाबी रंगवलं तर आपल्याला पटेल का? पण सासूबाईंनी जपलेलं आहे, लावा की हॉलमधे.

प्रश्न : सर, मी शाळेत इतिहास शिकवतो. युरोपात अशा कारागिरांच्या मालिका निघाल्या तशी आपल्या बारा बलुतेदारांची चित्रं का नाहीत? जमवायची तर काय जमवावं? (नाशिक)

सर, प्रश्न मोठा आहे. युरोपातली सगळ्यात प्रसिद्ध जुनी मालिका १५६८ ची, फ्रँकफर्टला छापलेली, योस्ट आमानची लाकडावर कोरलेली ११४ चित्रं आणि खाली हान्स साक्सच्या कविता, हा साक्स स्वतः चांभार. पोप आणि बादशहापासून सुरुवात आणि मग कागद करणारा, छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, ओतणारा, न्हावी, शिंपी असं करत शेवटी विदूषकांपर्यंत. म्हणजे त्यांची गावगाड्याची यादीच म्हणा. ते शक्य झालं कारण त्या शहरात कागद, कोरणारा, छापणारा आणि विकत घेणारा शिकलेला कारागीर हे सगळे एका जत्रेच्या अंतरावर होते. आपल्याकडे हातात कला होतीच, छापखाना उशिरा आला आणि आला तो साहेबाच्या आणि मिशनऱ्यांच्या कामाला आधी जुंपला गेला.

भारतातल्या धंद्यांची पहिली मोठी छापील मालिका परक्याचीच. सोल्विन्स नावाचा अँटवर्पचा माणूस १७९१ ला कलकत्त्याला आला, बंगाली बोलणाऱ्या वस्तीत हिंडला आणि १७९६ ते १७९९ मधे २५० रंगवलेली एचिंग्ज, म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेली चित्रं, काढली, त्यात जातवार, धंदेवार माणसं, गाड्या, होड्या, वाद्यं. धंदा म्हणून साफ बुडालं. साहेब लोकांना त्याची चित्रं काळवंडलेली वाटली. मग लंडनच्या ओर्म नावाच्या प्रकाशकाने त्याला न विचारता त्यांतली ६० निवडून, चेहरे गोड करून, १८०४-०५ ला छापली आणि ती मात्र गाजली. सोल्विन्सने पॅरिसला जाऊन १८०८ ते १८१२ मधे चार खंडांत २८८ पानांची नवी आवृत्ती काढली, स्वतः कोरून, बायकोचे पैसे घालून, ती पण बुडाली. बाजारात आज ओर्मची पानं जास्त फिरतात. सोल्विन्सचं एखादं जरी मिळालं आणि ते काळवंडलेलं, ओबडधोबड वाटलं तर तेच घ्या, माणूस त्यातच आहे.

पण ते बंगालचं. आपल्या बाजूचं हवं असेल तर पुण्याचा गंगाराम तांबट माहीत असू द्या, जातीने आणि कसबाने तांबट, १७९० च्या सुमारास पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकील मॅलेट साहेबासाठी वेरूळपासून पेशव्यांच्या गेंड्यापर्यंत रेखाटत होता, ती रेखाटनं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, विकत मिळायची नाहीत पण वर्गात मुलांना दाखवता येतील. लॉकवुड किपलिंग, त्या 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे वडील, १८६५ पासून मुंबईत जे. जे. त शिकवत होते आणि १८७० च्या सुमारास सरकारी कामावर हिंडून त्यांनी सुतार, विणकर, कुंभार ह्यांची पेन्सिलने इतकी सुंदर रेखाटनं केली की कारागिराच्या पायाचा अंगठा काय करतोय हेसुद्धा दिसतं. आपला कारागीर अर्धं काम पायाने करतो, हे बऱ्याच गोऱ्या चित्रकारांच्या लक्षातच आलेलं नाही.

जमवायला माझा सल्ला विचाराल तर गिरण्यांची टिकटं. दावरांची पहिली कापड गिरणी ताडदेवची, १८५४ ची कंपनी, पण त्याच्या आधीपासून आणि नंतरही मँचेस्टरचं कापड इकडे यायचं आणि प्रत्येक ताग्यावर झगझगीत रंगीत लेबल चिकटवलेलं असायचं, देव, हत्ती, रेल्वे, बाया, घड्याळं. गिऱ्हाइकाला वाचता येत नसलं तरी तो 'हत्तीछाप द्या' म्हणायचा. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी पण तेच उचललं. शिळाछपाई, कधी आठ-दहा रंग, वर सोनेरी मुलामा आणि उठाव. लहान असतात, अजून परवडतात आणि नाशिकमधे जुन्या कापडवाल्यांच्या माळ्यावर नक्की पडलेली असतील, दिवाळीच्या साफसफाईच्या आधी जाऊन विचारा.

प्रश्न : आमच्या घरी मडगावला जुन्या गोव्याच्या बाजाराचं चित्र आहे, छत्र्या, घोडे, गर्दी. दर पावसाळ्यात तपकिरी ठिपके वाढतात. फ्रेमवाला म्हणाला लॅमिनेट करून टाका. (मडगाव)

नाही नाही नाही. ताई, त्या माणसाला चित्राला हात लावू देऊ नका.

आधी चित्र कुठलं ते. लिन्सखोटेन नावाचा डच तरुण १५८३ मधे गोव्याला आला, आर्चबिशपचा कारकून म्हणून पाचेक वर्षं राहिला आणि परत जाऊन १५९६ मधे अॅमस्टरडॅमला पुस्तक काढलं. त्यात गोव्याच्या बाजाराचं दोन पानी चित्र आहे, डुटेकुम घराण्यातल्या कोरणाऱ्यांनी तांब्यावर कोरलेलं. तो लिहितो की रविवार आणि सण सोडून रोज सकाळी साधारण सात ते नऊ बाजार भरायचा, ऊन चढायच्या आत. त्यात कापड, घोडे विकतात तशी माणसंही विकायचे, चित्रात ते पण आहे, छत्र्यांच्या खाली नीट बघितलं तर. पुढे जर्मनीत डी ब्राय भावांनी आणि नंतर इतरांनी त्याच्या नकला केल्या, तुमचं मूळ आहे की पुढचं हे चौकटीतून काढल्याशिवाय कळणार नाही, काढाल तेव्हा मधोमध घडीची खूण आहे का बघा.

ते तपकिरी ठिपके दमटपणा, बुरशी आणि कागदातले लोखंडाचे कण ह्यांनी येतात. ब्लीच करून घालवतात पण कागदाचा जीव जातो, चित्र महत्त्वाचं असेल तर पेपर कॉन्झर्व्हेटरकडेच, म्हणजे जुने कागद जपण्या-दुरुस्त करण्यातल्या जाणकाराकडेच, द्या. तुम्ही स्वतः करायचं ते एवढंच की चौकट बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर न्या, चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना बूच किंवा लाकडाचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि चौकट ह्यांत वारा खेळेल, आणि काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीची, जाडी हवी, ती पण अॅसिड नसलेल्या बोर्डाची. मागे पुठ्ठा किंवा प्लायवूड थेट लावला असेल तर तो आधी काढा, अर्धे डाग त्याचेच असतात. चित्र माउंटला लावायचं ते वरच्या बाजूला दोन ठिकाणी, जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, बास. सेलोटेप नको. डांबराच्या गोळ्या चौकटीत नको. कसर लागली असेल तर खळ खाऊन मग चित्रावर येते, मागची बाजू वर्षातून दोनदा उघडून बघत जा, गणपतीच्या आधी आणि होळीला, लक्षात राहतं.

हे एवढं जीव तोडून सांगतोय कारण मी स्वतः भाजून घेतलेलं आहे. यान लुइकेन म्हणून डच कोरणारा, त्याने १६९४ मधे शंभर धंद्यांचं पुस्तक काढलं होतं, त्यातला पिंपं करणारा माझ्याकडे होता, हाताच्या पंजाएवढा कागद, ठिणग्या, वाकवलेल्या फळ्या, लोखंडी कडं. मी तो कौतुकाने एका फ्रेमवाल्याकडे दिला आणि लग्नाला गावी गेलो. परत आलो तर त्याने चित्र 'व्यवस्थित बसावं म्हणून' चारी बाजूंनी कापलं होतं, पत्र्याची पायरी गेली, खालची कविता गेली, आणि उरलेलं पांढऱ्या गोंदाने हार्डबोर्डवर चिकटवून वरून रोलर फिरवला होता. 'बघा साहेब एक सुरकुती नाही', असं म्हणाला. खरंच नव्हती.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या चौकटी न्यू जर्सीला न्यायच्यात, बॅगेत टाकल्या तर चालेल? (सध्या ठाणे)

थांबा जरा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि चित्र परदेशात छापलेलं आहे हे विमानतळावर उभं राहून पटवणं तुम्हाला जमणार नाही. पुरातत्त्व खात्याकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नाही असा दाखला घेता येतो, तो घ्या, दाखला नाही मिळाला तर चौकटी आत्याकडे ठेवा. आणि नेल्याच तर काच काढून न्या, फुटलेल्या काचेने फाटलेली चित्रं मी बघितलीत.

प्रश्न : तुम्ही लोक ही चित्रं जमवता म्हणजे कुणीतरी अख्खी पुस्तकं फाडतंच ना? मी ग्रंथालयात ३० वर्षं काढली, मला हे वाचून संताप आला. आणि परदेशी लोहार-शिंप्यांचं तुम्हाला एवढं काय? (कोल्हापूर)

संताप बरोबर आहे. सुटी पानं विकून अख्ख्या पुस्तकापेक्षा जास्त पैसे येतात म्हणून धडधाकट पुस्तकांची पानं सोडवून विकणारे दुकानदार आहेत, आधीपासून आहेत, आणि गिऱ्हाईक आमच्यासारखेच. मी माझ्यापुरतं एवढं ठरवलंय की 'पुस्तक आहे, कुठलं पान हवं ते कापून देतो' असं जो म्हणतो त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही, आणि पाठीमागे ताजी कापलेली पांढरी कड दिसली तर चित्र खाली ठेवून निघायचं. जुनी सुटी झालेली, बांधणी गेलेली, वाळवीने अर्धा खंड खाल्लेला, त्यातली घेतो. ह्याने तुमचं समाधान होणार नाही हे मला कळतं, माझंही पूर्ण होत नाही. ज्यांना बघायचीच हौस आहे त्यांनी आधी मोठ्या ग्रंथालयांच्या साइटवर फुकट बघावीत, दिदरोचे सगळे खंड स्कॅन करून ठेवलेत, घरबसल्या झूम करा.

दुसऱ्या प्रश्नाचं मात्र. आमानच्या १५६८ च्या मालिकेत छापखान्याचं एक चित्र आहे, त्याची अलीकडची नक्कल माझ्या टेबलासमोर लावलेली आहे, अस्सल परवडणारी नाही. पुढे दोन गडी, एकजण चामड्याच्या गोळ्यांनी खिळ्यांना शाई लावायच्या तयारीत, दुसरा छापलेला कागद उचलतोय, मागे खिडकीपाशी दोघं खिळे जुळवतायत. वडील रिटायर झाल्यावर एकदा माझ्याकडे आले होते, चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले त्यांनी, चष्मा कपाळावर सरकवून चित्राला नाक लावून बराच वेळ बघत उभे राहिले. मी आपला फ्रँकफर्ट, सोळावं शतक, हान्स साक्स वगैरे सांगत होतो. त्यांनी मागच्या दोघांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यांना खिडकी दिलीय बघ. आम्हाला बल्ब होता."